सावली सरकेपर्यंत

नमस्कार मंडळी.

मी भूमी अभिलेख खात्यात 31 वर्षं भूकरमापक होतो. शेताच्या बांधावर उभं राहून जमिनी मोजायच्या, हे माझं काम. मोजणीला घाई चालत नाही. जुनी खूण सापडली नाही तर तिथेच थांबायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, गवत बाजूला सारून बघायचं. दुपार झाली तरी दगड सापडल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आयुष्यभर असं काम केलेला माणूस मी, पण निवृत्तीनंतर आम्ही दोघं फिरायला लागलो ते मात्र धावत. नऊ दिवसांत दक्षिण भारत, बारा दिवसांत युरोप. सकाळी सहाला चहा, साडेसहाला बॅगा दाराबाहेर, सातला बस. संध्याकाळी हॉटेलवर पोचलं की लोक एकमेकांना विचारायचे, "आज किती पॉइंट झाले?"

त्या सहलींमुळे माझ्यासारख्याला घराबाहेर पडायचा धीर आला, हे मी आधी सांगतो. पण आज मला बोलायचं आहे ते दोन गावांबद्दल, जिथे आम्ही पहिल्यांदा असेच धावत गेलो आणि नंतर मुक्कामाला परत गेलो. एक तंजावर आणि दुसरं इटलीतलं सिएना.

तंजावरला पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात. बृहदीश्वराच्या देवळात बस पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. आवारातल्या दगडांवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. गाइड भरभर बोलत होता: राजराज चोळाने बांधलं, 1010 मध्ये पूर्ण झालं, सगळा ग्रॅनाइट, शिखर 216 फूट. आणि मग आवाज चढवून म्हणाला, "या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही!" आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. खरंच, सावली दिसत नव्हती. टाळ्या झाल्या. पाऊण तासात आम्ही परत बसमध्ये होतो.

मोजणीदाराच्या डोक्यात ती गोष्ट किडा पडल्यासारखी राहिली. एवढी उंच वास्तू आणि सावली नाही, असं कसं होईल? पुढे एका जानेवारीत आम्ही तंजावरला गेलो ते पाच दिवसांसाठी. देवळापासून चालत जाता येईल अशी साधी खोली घेतली. पहिल्या दिवशी उजाडल्यावर आत गेलो आणि पश्चिमेकडच्या ओवरीत जाऊन बसलो. तिथे ओळीने शिवलिंगं आहेत आणि मागच्या भिंतीवर पुसट झालेली चित्रं. आणि पाहतो तर काय, शिखराची सावली थेट आमच्या अंगावर! अख्खं आवार ओलांडून ती ओवरीत शिरली होती. फरशी गार होती, पायांना बरं वाटत होतं. दहा वाजून गेल्यावर सावलीने ओवरी सोडली. मग ती सुब्रह्मण्याच्या देवळाच्या बाजूने सरकत सरकत उत्तरेला चंडिकेश्वराच्या छोट्या देवळाकडे आली. दुपारनंतर पूर्वेला वळली, आणि दिवस कलताना मंडपाच्या बाजूने लांबच लांब पसरली.

मग ती गोष्ट आली कुठून? बसून विचार केल्यावर तेही उमगलं. तंजावर विषुववृत्तापासून 11 अंशांच्या आत आहे, त्यामुळे उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. विमानाचा, म्हणजे गाभारा आणि त्यावरच्या शिखराचा, पाया सुमारे 30 मीटर रुंद आणि वर ते निमुळतं होत जातं. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत माध्यान्हीला टोकाची सावली जवळपास त्याच्याच अंगावर पडते. आम्ही पहिल्यांदा गेलो तो नेमका मे महिना आणि नेमकी दुपार. त्या गाइडने दाखवलेलं खोटं नव्हतं, पण ते दिवसातल्या एका घटकेचं होतं. बिचाऱ्याला दुसऱ्या घटकेला आम्हाला थांबवून घेता येत नव्हतं आणि आम्हालाही थांबायचं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी माझ्या धंद्यातली आहे म्हणून मला विशेष लागली. त्या देवळाच्या भिंतींवर, पायथ्यापासून, तमिळ लेखांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. मला तमिळ वाचता येत नाही. पण त्यांची भाषांतरं छापलेली आहेत, ती मी घरून वाचून गेलो होतो आणि रात्री खोलीवर पुन्हा चाळत होतो. एका लेखात राजराजाने देवळाच्या सेवेसाठी गावोगावच्या देवळांतून आणलेल्या 400 नर्तकींची यादी आहे. नुसती संख्या दिलेली नाही. कोणती रस्त्याची बाजू, कितवं घर, त्या घरात राहणारीचं नाव, ती आधी कोणत्या गावच्या कोणत्या देवळात होती, हे एकेक करून दगडात लिहिलंय. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात ठरवलेला; कलम हे धान्याचं जुनं माप. मंडळी, मी आयुष्यभर मिळकतपत्रिका आणि नकाशे पाहिले. हजार वर्षांपूर्वीचा हा घरांचा उतारा पाहून माझे हात जोडले गेले. देवाला जोडले तसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या ओळींवरून हलकेच नजर फिरवत चाललो, आणि एकही अक्षर वाचता येत नसताना मला वाटत होतं की मी एका गल्लीतून चाललोय.

आणि वाचता येणारी अक्षरंही तिथेच आहेत! याच देवळाच्या आवारात भिंतीवर एक प्रचंड मराठी शिलालेख आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या काळात, 1803 मध्ये कोरलेला, भोसले घराण्याचा सगळा इतिहास सांगणारा. पहिल्या सहलीत आम्ही त्याच्यापासून काही पावलांवरून गेलो असू, पण कुणी दाखवला नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरला आले, आणि त्यांच्या वंशाने पुढे पावणेदोनशे वर्षं तिथे राज्य केलं, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. इथे ती ओळ भिंतभर झालेली दिसते. आमच्या सौभाग्यवती शब्द लावत लावत वाचत होत्या, मी मागून ऐकत होतो. एखादा शब्द अडला की थांबायचं, पुढचा लावून परत यायचं. तासाभरात थोडासाच भाग झाला. चार दिवस रोज थोडं थोडं वाचलं. जवळच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो तेव्हा सरफोजीराजे आम्हाला परके राहिले नव्हते.

चौथ्या दिवशी बसने तिरुवैयारूला गेलो, तेरा-चौदा किलोमीटर. कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी कावेरीच्या काठावर आहे. त्याबद्दल फार बोलत नाही. नदीकाठी बसलो, एक बाई वाळूत बसून हळू आवाजात गात होत्या, आम्ही ऐकलं आणि परत आलो. परतताना कॉफी, पितळी डवऱ्यात.

आता सिएना. फ्लॉरेन्सहून बसने सव्वा तासावर टेकडीवर वसलेलं गाव. पहिल्या सहलीत आम्हाला तिथे दीड तास दिला होता, त्यातला अर्धा तास स्वच्छतागृह शोधण्यात गेला. लक्षात राहिलं ते एवढंच, की मधोमध एक उतरता चौक आहे आणि लोक त्यात चक्क जमिनीवर बसलेत. तेव्हा मनात आलं होतं, आपणही बसायला हवं होतं.

म्हणून परत गेलो, जूनच्या मध्यावर, सहा दिवसांसाठी. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. पोहे बरोबर नेले होते, भाजी तिथल्या दुकानातून.

त्या चौकाचं नाव कांपो. शिंपल्याच्या आकाराचा, विटांचा, आणि पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी त्याचे नऊ भाग पाडलेले. 1287 ते 1355 या काळात नऊ जणांचं मंडळ गावाचा कारभार पाहत होतं, त्यांची ही आठवण. उताराच्या तळाशी नगरपालिकेचा जुना वाडा आणि त्याला लागून 88 मीटर उंचीचा मनोरा, तोर्रे देल मांजा. पहिला घंटा वाजवणारा माणूस मिळेल ते खाऊनपिऊन उडवायचा, त्याच्या टोपणनावावरून हे नाव पडलं. राजाचं नाही, सरदाराचं नाही, घंटा वाजवणाऱ्याचं! मला हे फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात बसलो. ऊन कडक होतं, विटा तापत होत्या. आणि आमच्या लक्षात आलं की चौकभर माणसं पसरलेली नाहीत. ती एका लांब, अरुंद पट्ट्यात ओळीने बसली आहेत. मनोऱ्याची सावली! कुणी वर्तमानपत्र वाचतंय, कुणाचं बाळ झोपलंय. सावली सरकली की एका टोकाचा माणूस उठायचा आणि दुसऱ्या बाजूला येऊन बसायचा. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. दुपारी दीडच्या सुमाराला सावली आखूड होऊन एका कडेला गेली, तेव्हा गर्दी पांगली.

मग आम्ही वाड्यात गेलो. नऊ जणांच्या सभेच्या दालनात आंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने 1338-39 मध्ये भिंतीभर चित्रं काढली आहेत. एका भिंतीवर चांगला कारभार असला की गाव कसं नांदतं ते, समोर वाईट कारभाराने काय होतं ते. चांगल्या गावात काय दाखवलंय? चांभाराचं दुकान, शिकवणारा मास्तर, फेर धरून नाचणाऱ्या मुली, आणि वर छपरापाशी परांचीवर उभे गवंडी, नवी इमारत बांधतायत. ती चित्रं रंगवायला सुरुवात झाली त्याच वर्षी बाहेर मनोऱ्याचं बांधकाम सुरू झालं होतं. वेशीबाहेर एक शेतकरी डुक्कर घेऊन गावाकडे येतोय, काळं, आणि खांद्यावर पांढरा पट्टा. त्या भागात तीच जात आजही पाळतात. वेशीच्या वर पंख असलेली एक स्त्री तरंगते, तिचं नाव सुरक्षितता. एका हातात फलक: भीती न बाळगता प्रत्येकाने मोकळेपणी वाट चालावी. दुसऱ्या हातात छोटासा फाशीचा खांब, त्यावर लटकलेला गुन्हेगार. दोन्ही एकत्र पाहून अंगावर काटा येतो.

आम्ही तीन दिवस त्या दालनात गेलो. दर वेळी नवं काही सापडायचं. आणि हे सगळं पाहताना एक गोष्ट मनातून जात नव्हती. 1348 मध्ये प्लेग आला. गावातली कितीतरी माणसं गेली आणि तो चित्रकारही त्यातच गेला असं मानतात. मनोरा त्याच वर्षी पुरा झाला. म्हणजे ज्या सावलीत आम्ही सकाळी बसलो होतो, ती पहिल्यांदा पडली तेव्हा तिच्यात बसायला किती जण उरले असतील?

मघाशी एका ताईंनी विचारलं, एका गावात सहा दिवस कंटाळा नाही येत? दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. खरंच येतो. त्या दुपारी खोलीवर झोप काढायची. संध्याकाळी बाहेर पडलं की गल्ल्या ओळखीच्या वाटायला लागतात. सिएनात प्रत्येक आळीचं चिन्ह भिंतीवर लावलेलं असतं, गोगलगाय, कासव, हंस अशी. एका आळीची हद्द कुठे संपते हे चालता चालता आम्हाला कळायला लागलं. अशा सतरा आळ्या. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला त्यांच्या घोड्यांची शर्यत होते, त्यासाठी पोरं संध्याकाळी ढोल आणि निशाणं घेऊन सराव करत होती. एका आळीच्या कोपऱ्यावर उभं राहून आम्ही तो सराव पाहिला. सरावाला तिकीट नव्हतं आणि घाईही नव्हती.

शेवटच्या सकाळी पुन्हा कांपोत बसलो होतो. दुपारची गाडी होती. मी वहीत काहीतरी टिपत होतो, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही. शेजारच्या एका इटालियन आजींनी माझ्या खांद्याला हात लावला आणि विटांकडे बोट दाखवलं. माझ्या गुडघ्यांवर ऊन आलं होतं. सौभाग्यवती आधीच पलीकडे जाऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, सरका की. जागा धरलीय."