पिनकोडच्या पुढचा पत्ता

राजापूरची एस.टी. घाटी संपते त्या वळणावर क्षणभर थांबते, वाहक दारातून टपालाची थैली खाली देतो आणि गाडी पावसात दिसेनाशी होते. खाली उभा असलेला तरुण ती थैली छातीशी धरून शाखा डाकघराच्या दिशेने चालू लागतो. चाळीसेक वर्षे याच वळणावर ज्यांनी ही थैली उतरवून घेतली, ते आमचे पोस्टमनमामा गेल्या आषाढात गेले. ही चित्रफीत त्यांच्या वाटेची. सरकारी कागदावर त्यांचे नाव तीन शब्दांचे होते. गावात मात्र त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या म्हाताऱ्याही त्यांना मामाच म्हणत.

हे शाखा डाकघर म्हणजे एका घराची पडवी आहे. एक टेबल, कुलपाची पेटी, शाईची गादी आणि लाकडी मुठीचा शिक्का एवढाच त्याचा पसारा. सकाळी शिक्क्यातले तारखेचे खिळे बदलतात आणि पहिला ठसा पत्रावर न मारता वहीत मारतात, तारीख बरोबर बसली की नाही हे पाहण्यासाठी. थैलीतून निघालेले पाकीट पाहा. त्यावर ४१६७०२ हा राजापूरचा पिनकोड आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला आणि त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, कोकणातलेच होते, याचा आम्हाला उगाचच अभिमान आहे. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, पुढचे तीन डाकघरापर्यंत आणून सोडतात. तिथून पुढे मात्र पाकिटावर नुसते ‘वरची वाडी’ असते, कधी ‘फणसाखालचे घर’ असते आणि कधी तेही नसते. एका वाडीत एकच आडनाव, त्यात एकाच नावाच्या चार सुना, आणि पत्र त्यातल्या नेमक्या एकीचे. हा उरलेला पत्ता मामांच्या डोक्यात होता. मुंबईहून आलेले अक्षर पाहूनच ते घर ओळखत.

त्यांची वाट आम्ही पावसाळ्यात चालून पाहिली. डाकघराकडून उतरणारी ही जांभ्या दगडाची पाखाडी शेवाळाने निसरडी झालेली आहे. खाली वहाळ आहे आणि त्यावरचा हा साकव आता सिमेंटचा असला, तरी मामांच्या उमेदीत तो दोन पोफळी आडव्या टाकून केलेला होता. साकव ओलांडला की चढण, चढण संपली की सडा, म्हणजे उघडे कातळाचे पठार. या सड्यावर वाऱ्याला आडवे येईल असे एक झाडही नाही. पत्रे प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी थैलीत, थैली अंगाशी आणि वरून खोळ, अशी त्यांची व्यवस्था असे. स्वतः भिजत, टपाल भिजू देत नसत. लावणीच्या दिवसांत मात्र त्यांना शेतातून उठून थेट वाटपाला जावे लागे. या जुन्या आंतर्देशीय पत्राच्या कोपऱ्यावर चिखलाच्या बोटाचा जो वाळलेला ठसा दिसतो आहे, तो त्यांचाच असल्याचे घरच्या मंडळींनी आम्हाला कौतुकाने दाखवले.

थैलीत खरे वजन मनिऑर्डरचे होते. रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरवर जगतो असे एकेकाळी म्हणत, आणि ते खोटे नव्हते. १८८० पासून टपाल खात्यामार्फत पैसे पाठवता येत होते. शंभर रुपयांना पाच रुपये हशील भरून लालबाग-परळच्या गाळ्यांतून गिरणीकामगार दर महिन्याला गावी पैसे धाडत. मामा ओटीवर बसत, नोटा दोनदा मोजून पुढ्यात ठेवत आणि मग शाईची डबी उघडत. सही न येणाऱ्या बाईचा डावा अंगठा ते स्वतः धरून फॉर्मवर टेकवत, शेजारच्या कुणा शिकलेल्याची साक्षीदार म्हणून सही घेत आणि बाईने अंगठा लुगड्याला पुसण्याआधी तिच्या हातावर कापसाचा बोळा ठेवत. फॉर्मचा खालचा तुकडा, ज्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहिलेल्या असत, तो घरात राही. पोहोचेचा तुकडा मुंबईला परत जाई. म्हणजे मुलाचे अक्षर आईकडे येत असे आणि आईचा अंगठा मुलाकडे जात असे. तारेत ओवलेले हे तुकडे या आजींनी अजून चुलीच्या खोलीत टांगून ठेवलेले आहेत. धुराने काळवंडलेल्या एकावर ‘खत घ्या, गणपतीला येतो’ एवढेच वाचता येते. ही अक्षरे वाचून दाखवण्याचे कामही अर्थातच मामांचे होते, आणि एका घरातले वाचलेले दुसऱ्या घरात गेले, असे सांगणारा माणूस आम्हाला साऱ्या गावात भेटला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि इथली थैली हलकी झाली. वाटेवरच्या अंगणात रोज कुणी ना कुणी उभे असे. त्यांच्यासमोरून रिकाम्या हाताने जावे लागू नये, म्हणून मामा गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून असलेल्या या वरच्या पायवाटेने जाऊ लागले. हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. सांगितले ते या आजींनी, ज्यांचे घर ते टाळत होते. कारण त्यांच्या मागीलदारातून, आता कॅमेरा जिथे उभा आहे तिथून, ती पायवाट चांगली दिसते.

मामा ज्या नेमणुकीवर होते तिला तेव्हा ‘अतिरिक्त विभागीय’ म्हणत; गावच्या बोलण्यात, इंग्रजी आद्याक्षरांवरून, ‘ईडी’. हे काम दिवसाचे काही तासच चालते आणि ते करणाऱ्याला पोटापाण्याचे दुसरे साधन असते, असे खात्याने गृहीत धरलेले होते. मामांचे दुसरे साधन म्हणजे थोडे भात आणि काजूची कलमे. ही पदे नागरी पदेच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. पुढे ‘ग्रामीण डाक सेवक’ असे नाव मिळाले, २०१८ साली भत्ता वाढला. परंतु खात्यातल्या नियमित कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन या माणसांच्या वाट्याला आले नाही. देशातली बहुतांश डाकघरे ग्रामीण आहेत आणि ती प्रामुख्याने याच माणसांच्या पायांवर चालतात, त्यामुळे त्यांना ‘अतिरिक्त’ का म्हणावे, हे आम्हाला समजलेले नाही. साकवापासून सड्यापर्यंत आम्हाला चढायला लागलेला वेळ आम्ही या चित्रफितीत मुद्दाम कापलेला नाही.

मामा पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. शाळेत नारळ आणि शाल देऊन त्यांचा निरोप समारंभ झाला, त्याचे हे मोबाइलवरचे चित्रण. पुढे आजारपण आले आणि ते गेले.

आज त्यांच्या जागी आलेला तरुण शक्य तिथवर दुचाकीने जातो. त्याच्या खिशात यंत्र आहे. २०१८ साली टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली, तेव्हापासून खात्यावर जमा झालेले निराधार योजनेचे पैसे तो ओटीवर बसूनच देतो. यंत्रावर बोट ठेवावे लागते. आयुष्यभर भांडी घासून आणि चिखल तुडवून रेषा पुसट झालेला हा अंगठा यंत्राला तीनदा ओळखता येत नाही, चौथ्यांदा येतो. शाई मात्र कुठे लागत नाही.

थैलीतले ते पाकीट अजून त्याच्याच हातात आहे. पिनकोड आहे, गाव आहे, पुढे नुसते ‘घाटीवरचे घर’. घाटीवर घरे पाच आहेत. तो पाकीट उलटसुलट करून पाहतो आणि वाट सोडून मामांच्या अंगणात शिरतो. ओटीवर मामी तांदूळ निवडत बसलेल्या आहेत. त्या पाकीट डोळ्यांजवळ धरतात, अक्षर बघतात, सूप बाजूला ठेवतात आणि गडग्यापलीकडच्या तिसऱ्या कौलांकडे बोट दाखवतात.