यंत्राचं वजन आणि यंत्राचे तास

एका प्रश्नानं सुरुवात करतो. दहा टन वजनाचं एक सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं यंत्र आहे. त्यानं पर्यावरणाचं नुकसान नेमकं कधी केलं? खाणीतून खनिज निघालं, भट्टीत वितळलं, साच्यात बेड, म्हणजे यंत्राचा जड पाया, ओतला गेला, तेव्हा? की नंतरची वीस वर्षं ते शेडमध्ये उभं राहून वीज खात होतं, तेव्हा? बहुतेक जण भट्टीकडे बोट दाखवतात. भट्टीचा धूर डोळ्यांना दिसतो ना! वीज मात्र तारेतून गुपचूप येते, तिचा धूर कुठे तरी लांब निघालेला असतो.

आपण हिशेबच मांडू. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे वास्तवाला धरून आहेत. जगाच्या सरासरीनं एक टन पोलाद तयार होताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बीडाचंही सोयीसाठी तेवढंच धरू. म्हणजे दहा टनांच्या यंत्रामागे वीस टन. त्यावर घडाई, इलेक्ट्रॉनिक्स, वाहतूक हे सगळं आलं. ढोबळ मानानं दुप्पट करू, चाळीस टन. यंत्र जन्माला येतं तेच एवढं कर्ज डोक्यावर घेऊन. आता ते चालवू. सरासरी १५ किलोवॉट, वर्षाला ५,००० तास, २० वर्षं. झाली १५ लाख युनिट. युनिटमागे ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर ९०० टन. एकीकडे चाळीस, दुसरीकडे नऊशे. हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड, ते असं.

यावरून लगेच एक घाईचा निष्कर्ष निघतो: यंत्र कशाचं बनलंय ते सोडा, फक्त वीज वाचवा. जरा थांबा. तेच यंत्र पवनऊर्जा आणि जलविद्युत यांवर चालणाऱ्या कारखान्यात न्या. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. पवनचक्कीच्या विजेला, ती चक्की उभारण्याचा खर्च धरूनही, १०-१५ ग्रॅम. आपण सढळ हातानं ५० ग्रॅम धरू. ९०० टनांचे ७५ टन झाले. जन्मावेळचे चाळीस टन मात्र जागच्या जागी आहेत. एकूण भारातला त्यांचा वाटा चार टक्क्यांवरून पस्तीस टक्क्यांवर गेला. किंवा वीज जुनीच ठेवा, पण यंत्र वर्षातून शंभर तासच चालतं असं धरा. अडीअडचणीला लागणारी प्रेस असते तशी. मग वीस वर्षांत विजेचे फक्त १८ टन होतात. म्हणजे चालण्यापेक्षा बनणंच महाग पडलं. यंत्र तेच, उत्तरं तीन. म्हणून कोणी मला विचारलं की ‘या मशीनचा कार्बन फूटप्रिंट किती?’, तर मी उलट विचारतो: किती तास चालणार, कुठल्या विजेवर, आणि किती वर्षं?

या प्रकारच्या हिशेबाला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीनं पेयाच्या बाटल्या-डब्यांचा असा अभ्यास मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून करून घेतला, तिथून या पद्धतीचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. पुढे १९९७ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १४०४० हे मानक आलं, २००६ मध्ये ते सुधारून त्याच्या जोडीला १४०४४ आलं. उद्देश आणि व्याप्ती ठरवा, आवक-जावकीची यादी करा, परिणाम मोजा, अर्थ लावा, अशा चार पायऱ्या त्यात आहेत. पुस्तकात त्या एकापाठोपाठ एक येतात. प्रत्यक्षात तिसरीवर पोचल्यावर पहिली चुकल्याचं कळतं आणि माणूस परत खाली येतो.

ही पहिली पायरी सगळ्यात दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तुलना यंत्राची यंत्राशी करायचीच नसते. यंत्र जे काम करून देतं त्या कामाची करायची असते. कामाच्या या मापाला फंक्शनल युनिट म्हणतात (विजेचं युनिट वेगळं). जुनी लेथ ८ किलोवॉट घेते, नवी १५. पाटी वाचून जुनीच चांगली वाटेल. पण जुनी तासाला २० जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, काढते आणि नवी ६०. मग जुनीवर जॉबमागे ०.४ युनिट पडतं, नवीवर ०.२५. आणि ‘जॉब’ म्हणजे मापात बसलेला जॉब. रिजेक्ट झालेला मोजायचा नाही. समजा जॉब एक किलो ॲल्युमिनियमचा आहे. खनिजापासून ॲल्युमिनियम काढताना नुसत्या विद्युत-अपघटनाला किलोमागे १४-१५ युनिट लागतात. शंभरात एक जॉब जरी रिजेक्ट झाला, तरी प्रत्येक चांगल्या जॉबवर जवळजवळ ०.१५ युनिटचा बोजा चढला. नव्या लेथच्या स्वतःच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त! तेव्हा स्पिंडलचं, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग वेळेवर बदलणारा मेंटेनन्सचा माणूस पर्यावरणाचंही काम करतो, त्याला कोणी तसं सांगत नाही एवढंच.

तुम्ही म्हणाल, रिजेक्ट जॉब भंगारात जातो, पुन्हा वितळतो, वाया कुठे गेला? बरोबर आहे. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला मूळच्या साधारण पाच टक्केच ऊर्जा लागते. पण ही बचत कोणाच्या खात्यात जमा करायची? भंगार देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या? दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, दोन्हींना मानकात जागा आहे. चालत नाही ते एकच: दोघांनीही तीच बचत आपापल्या नावावर लिहायची. आणि तसं सर्रास होतं. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘९० टक्के रिसायकल होणारं’ असं वाचलं, की त्याचं श्रेय हिशेबात आधीच घेतलंय का, एवढं विचारा. समोरचा गडबडतो.

आता विजेकडे परत येतो, कारण तिथे एक गंमत आहे. यंत्र पंधरा किलोवॉट घेतं, ते सगळं धातू कापायला जातं असं आपण समजतो. अमेरिकेतल्या एमआयटीचे टिमोथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींचे भाग बनवणाऱ्या स्वयंचलित मशीनिंग लाइनचे आकडे मांडले होते. प्रत्यक्ष कापण्यात गेलेली ऊर्जा जास्तीत जास्त पंधरा टक्क्यांच्या आत होती. उरलेली कूलंटचे (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचे) पंप, हायड्रॉलिक्स, पंखे, कापलेल्या धातूच्या चिप्स बाहेर नेणारा कन्व्हेयर, कंट्रोल यांनी खाल्ली. त्यातली बरीचशी जॉब असो-नसो, चालूच राहते. जेवणाच्या सुट्टीत एखाद्या मोठ्या शॉपमध्ये उभे राहून पाहा. माणसं गेलेली असतात आणि गुणगुण मात्र तशीच चालू असते. मला तर तो आवाज ऐकला की कोणी तरी नळ उघडा टाकून गेल्यासारखं वाटतं. दाबाच्या हवेचं तर विचारूच नका. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच उपयोगी काम हाती लागतं आणि देखभाल नसलेल्या कारखान्यात वीस-तीस टक्के हवा सांध्यांतूनच निसटते. मूल्यमापन करणारा टेबलावर बसून यंत्राची रेटेड पॉवर (पाटीवर लिहिलेली) गुणिले तास असा गुणाकार करतो, तेव्हा यातलं त्याला काहीच दिसत नाही. आठ दिवस मीटर लावून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. तो जिथे शक्य नाही, तिथे डेटाबेसमधल्या सरासरीवर, म्हणजे दुधाची तहान ताकावर, भागवावी लागते. हरकत नाही, फक्त ताकाला दूध म्हणून विकू नये.

सगळं कार्बनमध्येच मोजायचं का, हाही प्रश्न येतो. मोजायला सोपं, म्हणून लोक तेवढंच मोजतात. कूलंटचा पंप बंद करून कोरडं कटिंग केलं तर वीज वाचते, तेलकट सांडपाणीही टळतं. पण कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी बदलती पाती, लवकर झिजू लागले तर जादा टंगस्टन आणि कोबाल्ट लागतं आणि खाणीजवळच्या पाण्या-मातीवर त्याचा ताण पडतो. कायम चुंबकाच्या मोटरी वीज कमी घेतात. त्यांच्या चुंबकांत निओडिमियम असतं आणि यंत्र मोडीत निघालं की ते बहुधा लोखंडाच्या भंगारातच जातं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. ती फिरताना दिसावी, म्हणूनच हे मूल्यमापन एकाहून जास्त परिणाम बघतं. दोन स्पर्धक उत्पादनांची तुलना जाहीर करायची असेल, तर आयएसओ १४०४४ त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी मागतं आणि वेगवेगळ्या परिणामांना आपल्या मनानं वजन देऊन एकच गुण काढायला मनाई करतं. मला हा नियम फार आवडतो.

शेवटचा मुद्दा, जुनं यंत्र बदलायचं की ठेवायचं. नवं यंत्र १५ ऐवजी १० किलोवॉट घेतं असं धरू. वर्षाला २५,००० युनिट वाचली. ६०० ग्रॅमच्या विजेवर वर्षाला १५ टन. नव्या यंत्राचे चाळीस टन पावणेतीन वर्षांच्या आत फिटतात. घेऊन टाका. ५० ग्रॅमच्या विजेवर वर्षाला सव्वा टनच वाचतो. फिटायला बत्तीस वर्षं! तिथे मधली वाट शहाणपणाची. बेड, कॉलम ठेवायचे. स्पिंडल, ड्राइव्ह, कंट्रोल नवे बसवायचे. बीडाच्या बेडला तर वय मानवतं. ओतताना आत राहिलेले ताण कालांतरानं निवतात, म्हणून पूर्वी ओतलेले बेड घडाईआधी मुद्दाम महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवत. असा बेड आणखी पन्नास वर्षं माप सोडणार नाही. पण कंट्रोलचं एक कार्ड जातं, बनवणाऱ्यानं ते बंद केलेलं असतं, आणि दहा टनांचं यंत्र काही ग्रॅमच्या तुकड्यापायी भंगाराच्या गाडीत चढतं. मघाशी मी सहज ‘२० वर्षं’ म्हणालो ना, तो आकडा बरेचदा ते कार्ड ठरवतं.