घोषवाक्यासाठी लढवलेला पंजा

२० मार्च १९९२. अमेरिकेतील डॅलस शहरात, एरवी कुस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘स्पोर्टेटोरियम’ या जुन्या सभागृहात, दोन कंपन्यांचे कर्मचारी आपापल्या साहेबांच्या नावाने ओरडून घसा बसवून घेत आहेत. एका बाजूला ‘साउथवेस्ट एअरलाइन्स’चे प्रमुख हर्ब केलेहर, वय वर्षे ६१, तोंडात सिगारेट. समोर विमानांची देखभाल करणाऱ्या ‘स्टीव्हन्स एव्हिएशन’चे प्रमुख कर्ट हर्वाल्ड, वयाने बरेच लहान आणि अंगाने धिप्पाड.

वाद एका घोषवाक्याचा होता. ‘प्लेन स्मार्ट’ हे शब्द स्टीव्हन्स आधीपासून वापरत होती आणि साउथवेस्टने त्यांच्या आधी ‘जस्ट’ जोडून आपल्या जाहिराती केल्या. इंग्रजीत विमानाचे ‘प्लेन’ वेगळे लिहितात आणि ‘निव्वळ’ या अर्थाचे वेगळे. देवनागरीत मात्र दोन्ही हुबेहूब सारखेच, त्यामुळे ही कोटी आपल्या लिपीत आपोआपच अधिक जमते. कोर्टकचेरीऐवजी दोन्ही प्रमुखांनी पंजा लढवावा आणि हरणाऱ्याने धर्मादाय देणगी द्यावी, असा प्रस्ताव स्टीव्हन्सकडून आला व केलेहर यांनी तो स्वीकारला. हे केलेहर पेशाने वकील. १९६७ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीला प्रतिस्पर्ध्यांनी न्यायालयात असे खिळवून ठेवले होते की, तिचे पहिले विमान उडायला १८ जून १९७१ उजाडला. खटल्याची खरी किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

लढतीपूर्वी केलेहर यांच्या ‘सरावा’ची चित्रफीत काढण्यात आली. साहेबांना व्यायामाला लावण्यासाठी त्यात सिगारेट आणि बोरबन व्हिस्कीचे आमिष दाखवले होते. प्रत्यक्ष मंचावर ते हर्वाल्ड यांच्याकडून हरले, आणि हर्वाल्ड यांनी घोषवाक्य वापरण्याची परवानगी त्यांना तिथल्या तिथे देऊन टाकली.

आपल्याकडच्या कचेऱ्यांतही विनोद होतात. पण साहेबांनी एखाद्या कारकुनाच्या उशिरा येण्यावर शेरा मारावा आणि बाकीच्यांनी मान खाली घालून हसावे, हा प्रकार विनोदात मोडत नाही, ती हजेरीच असते. केलेहर यांच्या थट्टेचा रोख स्वतःचे वय, स्वतःची व्यसने आणि स्वतःचा पराभव यांच्याकडे होता, आणि म्हणूनच हाताखालच्या माणसांना साहेबांसमोर मोकळेपणाने तोंड उघडता येत असे.

त्याचा पुरावा १९९४ साली छापून आला. अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये ‘बॉस डे’ साजरा होतो. त्या निमित्ताने साउथवेस्टच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी ‘यूएसए टुडे’ या राष्ट्रीय दैनिकात पानभर जाहिरात देऊन केलेहर यांचे आभार मानले. आभारांच्या त्या यादीत, सणाच्या मेजवानीत आमच्यासाठी गायल्याबद्दल धन्यवाद, अशी एक ओळ होती. तिच्या पाठोपाठची ओळ होती: वर्षातून एकदाच गायल्याबद्दल धन्यवाद.