सील नुसतं पडलेलं नसतं

किनाऱ्यावर सील, म्हणजे समुद्रात राहणारा सस्तन प्राणी, पसरलेलं दिसलं की पहिला विचार येतो तो असा: निवांत पडलंय, जरा जवळ जाऊन फोटो काढला तर त्याचं काय जातं? आज तोच हिशेब मांडू.

उत्तर अटलांटिकमधलं करडं सील घ्या. पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १४ किलोचं असतं. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबी असते, पिल्लाचं वजन रोज दीड-दोन किलोनं वाढतं आणि सुमारे अठरा दिवसांत दूध कायमचं तुटतं. एवढे दिवस आई स्वतःच्या चरबीवरच जगते. माणसांना बिचकून ती पाण्यात गेली की एक पाजणं हुकतं, आणि मुदत मात्र वाढत नाही. पिल्लाची पांढरी लोकर पाणी अडवत नाही, त्यामुळे तेही मागोमाग पाण्यात उतरलं तर गारठतं. कळप एकदम उधळला तर पिल्लं चिरडली जातात ती वेगळीच.

मोठ्या सीलांनाही जमीन लागते. वर्षातून एकदा केस झडून नवे येतात. त्यासाठी कातडीला भरपूर रक्त मिळावं लागतं. थंड पाण्यात मात्र ऊब राखायला कातडीकडचं रक्त आवळलं जातं. म्हणून ती दिवसाचा बराच वेळ कोरड्यावर काढतात. आपल्याला तो आळस वाटतो!

‘सील पळालं नाही, म्हणजे त्रास झाला नाही’ हा समज चुकीचा आहे. मान वर करून ते आपल्याकडे पाहू लागलं, तिथेच विश्रांती मोडली. पुढे ते पाण्याकडे सरकतं, मग उडी. म्हणून मान वर होताच थांबा, खाली वाका आणि आलात त्याच वाटेनं सावकाश मागे या. शंभर मीटर ही सुरुवातीची मर्यादा धरा. त्याहून लांबूनच माना वर झाल्या तर आणखी मागे सरा. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येत असावा. वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं राहू नका, आणि सील व पाणी यांच्या मध्ये तर कधीच येऊ नका.

कयाक (वल्ह्यानं चालवायची चिंचोळी होडी) चालवणाऱ्यांना वाटतं, आपल्याला इंजिन नाही, मग त्रास कसला? पण कयाक बुटकी आणि मुकाट असते. खडकाआडून ती अचानक समोर आली की शिकारी आल्यासारखंच होतं. कयाकचं टोक सीलांवर रोखून जाऊ नका. लांबून, किनाऱ्याला समांतर, न रेंगाळता निघून जा. ड्रोन उडवूच नका. कुत्रा दोरीनं बांधलेला हवा, आणि तेही केवळ चाव्यासाठी नाही: १९८७-८८ साली रशियातल्या बैकाल सरोवरात हजारो सील मेले, ते कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूनं.

जागाच गेली की काय होतं, ते भूमध्य समुद्रातल्या मंक सीलांकडे पाहून कळतं. पूर्वी ती उघड्या वाळूवर पिल्लं घालत. माणसांच्या त्रासानं ती समुद्राकाठच्या गुहांत शिरली, आणि तिथे वादळाची लाट आत घुसली की पिल्लं वाहून जातात. उलट इंग्लंडमध्ये डोना नूकला विणीच्या हंगामात लोक कुंपणाबाहेरून पाहतात, आणि करड्या सीलांच्या माद्या कुंपणाच्या अगदी जवळ पिल्लं घालतात. माणसं कुठे थांबतात हे ठरलेलं असलं की सीलही त्याला सरावतं.

एकटं पिल्लू दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका, अंगावर पाणी ओतू नका, खायला घालू नका. आई जवळच पाण्यात असू शकते. लांबूनच पाहा: गळ्यात जाळ्याचा फास, जखम, बरगड्या दिसण्याइतका अशक्तपणा. मग स्थानिक वन्यजीव बचाव पथकाला नेमकी जागा कळवा आणि भरती चढते आहे की उतरते आहे, तेही सांगा. पथक पोहोचेपर्यंत तिथे पिल्लाला कोरडी जागा उरेल का, हे त्यावरूनच ठरतं.