गाणं पुढे पाठवण्याआधी : आयरिश बंडगीतांविषयी

ब्रिटिश सत्तेविरुद्धची आयरिश बंडगीतं पुढे पाठवताना काय पाहावं, हे सांगायला मला बोलावलं आहे. ही गाणी इथे बहुतेकांच्या कानावर आहेत, तेव्हा ‘आयर्लंडचा इतिहास : भाग पहिला’ मी तुम्हाला ऐकवणार नाही. घाबरू नका. तक्रार एकच आहे. ही गाणी पुढे पाठवताना लोक ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळे होतात आणि पुढची सगळी गडबड तिथून सुरू होते.

‘द पॅट्रियट गेम’ घ्या. हे गाणं डॉमिनिक बीहान यांचं. ते १९८९ मध्ये वारले, म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही. त्यामागची घटना अशी : १ जानेवारी १९५७ रोजी आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेच्या तुकडीने उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यातल्या ब्रुकबरो पोलीस ठाण्यावर हल्ला केला. सुरुंग उडाले नाहीत, बेत फसला आणि शॉन साउथ आणि फर्गल ओ’हॅनलन हे तुकडीतले दोघे मेले. गाण्यातला ओ’हॅनलन आपण नुकतेच सोळाचे झालो म्हणतो. खरा ओ’हॅनलन वीस वर्षांचा होता. ही चार वर्षं कमी केल्यावर ऐकणाऱ्याच्या गळ्यात आवंढा येतो. कवीला काय करायचं होतं ते त्याला बरोबर माहीत होतं.

आता गंमत पाहा. गाण्यात एक कडवं पोलिसांना गोळ्या घालण्याबद्दल बेफिकीर आहे, दुसरं डी व्हॅलेरा या ज्येष्ठ आयरिश नेत्याला दोष देतं. अनेक ध्वनिमुद्रणांत ही कडवी गाळलेली असतात. ती गाळली की एका हळव्या पोराचं शोकगीत उरतं. फक्त पोलिसांचं कडवं कापून पंधरा सेकंदांची क्लिप केली, तर तेच गाणं खुनाला चिथावणी ठरतं. पूर्ण ऐकलं तर देशप्रेम पोराला कसं घडवतं आणि कुठे नेऊन टाकतं, हे कळतं. आणि चाल? ती बीहान यांनी जुन्या लोकगीतावरूनच घेतलेली. पण बॉब डिलननी तीच चाल ‘विथ गॉड ऑन अवर साइड’ला वापरली तेव्हा बीहान चिडले! उसन्या सदऱ्यावरून भांडण. असो, विषय भरकटला.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. ज्यासाठी बोलावलं, ते आता घाईने सांगतो.

संदर्भ आधी तपासा. ‘कम आउट, यी ब्लॅक अँड टॅन्स’ हे गाणंही बीहान यांचंच. ब्लॅक अँड टॅन्स म्हणजे ब्रिटिशांच्या आयर्लंडमधल्या जुन्या पोलीस दलात भरती केलेले, बहुतेक माजी सैनिक. पण गाण्यात आव्हान त्यांना नाही. दारू चढलेला बाप डब्लिनमधल्या ब्रिटिशधार्जिण्या शेजाऱ्यांना आव्हान देतो. २०२० मध्ये त्याच जुन्या पोलीस दलाच्या सरकारी स्मरण सोहळ्यावरून वाद पेटला, तेव्हा तेच गाणं आयट्यून्सच्या यादीत पहिलं आलं. विनोद मागे पडला, घोषणा तेवढी उरली.

तुकडा पाठवू नका, गाणं पूर्ण पाठवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्कॉटलंडला हरवल्यावर आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने ड्रेसिंग रूममध्ये ‘सेल्टिक सिम्फनी’ या गाण्यातली आयआरएच्या जयजयकाराची ओळ गायली. गाण्यात ती ग्लासगोच्या भिंतीवर रंगवलेली दिसते. ड्रेसिंग रूमच्या व्हिडिओत भिंत नव्हती. युएफा या युरोपच्या फुटबॉल महासंघाने आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेला २०,००० युरो दंड केला. आयआरएच्या बॉम्बस्फोटात ज्यांची माणसं गेली त्यांना भिंत दाखवून समाधान झालं असतं, असंही नाही. म्हणून ऐकणारे कोण आहेत ते पाहा. बेलफास्टच्या कॅथलिक-प्रोटेस्टंट मिश्र वस्तीतला लग्नाचा हॉल आणि आपला पुण्यातला गट, फरक आहे.

पोस्टखाली कवी, साल, घटना आणि मेलेले कोण, दोन्ही बाजूंचे, एवढं लिहा. हक्कही पाहा : बीहान यांचे शब्द आयर्लंडमध्ये २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, भारतात २०४९ अखेरपर्यंत. हे सगळं ‘द सॅश’सारख्या, ब्रिटनशी एकनिष्ठ प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज गाण्यांनाही लागू. बाकीचे प्रश्न बाहेर, चहाच्या टेबलापाशी.