चोराचा माल, ठकाचा माल

श्रोतेहो, नमस्कार. तुम्ही पूर्ण पैसे मोजून, मनात काही काळंबेरं न ठेवता एखादी वस्तू घेतलीत. थोड्या दिवसांनी भलताच माणूस दारात येऊन म्हणतो, "ही माझी आहे." मग ती कुणाची?

पावती आहे म्हणजे मालकी आली, असं आपण धरून चालतो. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ मात्र सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराला हक्कच नसतो. त्यामुळे चोरीचा माल कितीही हात फिरला, तरी मूळ मालक तो परत मागू शकतो.

पण माल थापा मारून मिळवलेला असेल तर? लंडनमधली एक घटना पाहा. एका माणसानं जवाहिऱ्याच्या दुकानात तीन हजार पौंडांचा चेक लिहिला आणि 'सर' पदवी असलेल्या एका धनाढ्याचं नाव सांगितलं. जवाहिऱ्यानं यादी काढून पत्ता पडताळला, तो जुळला, आणि अंगठी त्याच्या हाती दिली. चेक वटला नाही. तोवर अंगठी ३५० पौंडांना गहाण पडली होती. १९१९ च्या निकालात ती गहाण घेणाऱ्याकडेच राहिली. फसवणुकीतून का होईना, समोर उभ्या असलेल्या माणसाशी करार झाला होता, आणि गहाण घेणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याआधी १८७८ मध्ये मात्र उलटं घडलं. ठकानं नामांकित पेढीच्या नावाशी मिळतीजुळती सही करून पत्रानं रुमाल मागवले आणि विकून टाकले. माल पाठवणाऱ्यांच्या मनात ती पेढीच होती, म्हणून करार झालाच नाही, असं ठरलं. प्रामाणिक खरेदीदाराला भरपाई द्यावी लागली. मला हे पटत नाही. ठक पत्रातून बोलला की तोंडावर, याच्याशी त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

आपलं कलम २९ म्हणतं की फसवणुकीनं झालेला करार मूळ मालकानं रद्द करण्याआधी माल पुढे विकला गेला आणि घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या हक्कातला दोष माहीत नसला, तर मालकी घेणाऱ्याची. म्हणून फसवणूक कळताक्षणी करार रद्द केल्याचं कळवा. एका दिवसाच्या दिरंगाईनंही माल हातचा जाऊ शकतो.

आणि चोरीचा माल परत द्यावा लागलाच, तर कलम १४ प्रमाणे विक्रेत्याकडून पूर्ण किंमत वसूल करता येते. त्यासाठी तो सापडायला हवा, म्हणून घेतानाच त्याचं नाव, पत्ता आणि सही घेऊन ठेवा.