मांजरपाटाचं वादळ

मंडळी, नमस्कार.

कुडाळ-सावंतवाडीकडच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलेल्या माणसाला १९३९चा 'द विझार्ड ऑफ ऑझ' समजावून सांगावा लागत नाही. एकच बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. पायपेटीने सूर धरला की राजा गात येतो आणि आपण मान डोलावतो. वादळ डोरोथी नावाच्या मुलीला घरासकट ऑझ या जादूच्या देशात नेतं, त्याचा हा हॉलिवूडचा सिनेमा त्याच जातीचा. त्यातली जादू हाताने केलेली आहे, म्हणून ती शिळी होत नाही.

वादळच घ्या. २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळी आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांनाही पडद्यावरचा भोवरा खरा वाटतो. तो आहे ३५ फुटी मांजरपाटाचा, मोज्यासारखा निमुळता. सिनेमातल्या अशा करामती सांभाळणाऱ्या आर्नल्ड गिलेस्पी यांनी आधी रबराचा केला, तो वळेचना. कापड वळलं, पण पीळ बसताच फाटू लागलं, म्हणून तारा ओवून त्याला बळ दिलं. वरचं टोक छताखालून सरकणाऱ्या गाड्याला, खालचं जमिनीतल्या वाकड्या खाचेत. मग हवेच्या झोताने मुलतानी माती उडवली. ती थोडी कापडातून झिरपली आणि कडा धूसर झाल्या. कडा स्वच्छ दिसल्या असत्या, तर वादळाचा पायमोजा झाला असता!

डोरोथी ऑझमध्ये घराचं दार उघडते आणि तपकिरी चित्र रंगीत होतं, तिथला रंगही मागाहून चढवलेला नाही. घराची आतली बाजूच तपकिरी रंगवली. तपकिरी झग्यातली बदली बाई पाठमोरी दार उघडून बाजूला होते आणि निळ्या चौकडीच्या झग्यातली डोरोथी, म्हणजे ज्यूडी गार्लंड, पुढे जाते.

पेटीवाल्यांसाठी गाणं. डोरोथीच्या 'ओव्हर द रेनबो' या इंद्रधनुष्याच्या गाण्याचा पहिला शब्दच सा वरून थेट तार सा. पुढे नी प ध नी सां. सगळे शुद्ध स्वर. मुलं खालचा सा सोयीचा धरतात आणि दुसऱ्याच सुराला आवाज फाटतो. पट्टी तार सा गाऊन ठरवा. कथा रेंगाळते म्हणून चाचणी खेळानंतर हेच गाणं कापलं होतं; परत घातलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. रेंगाळतं खरं तर डोरोथीच्या सोबतच्या सिंहाचं गाणं, पण ते राहू द्या.

मे महिन्यात गावी देवळापुढे मुलांकडून हे बसवणार असाल, तर भोवरा आठ फुटी पुरे. वरची दोरी मांडवाच्या वाशावरून घ्या, खालचं टोक काळ्या कपड्यातल्या माणसाच्या हाती. मुलतानी माती आदल्या दिवशी कडक उन्हात वाळवा. दमट खाऱ्या हवेत तिचे गोळे होतात. ती अगदी थोडी, मुलांपासून लांब उडवा आणि त्या माणसाच्या नाकातोंडावर फडकं बांधा. डोरोथीचा दुसरा सोबती, टिनचा माणूस, त्याला कोरडी चंदेरी पूड मुळीच फासू नका. सिनेमात त्या भूमिकेसाठी घेतलेल्या पहिल्या नटाला, बडी एब्सन यांना, ॲल्युमिनियमची पूड श्वासावाटे जाऊन इस्पितळात ठेवावं लागलं. त्यांच्या जागी आलेल्या जॅक हेली यांना पुडीऐवजी लेप लावला.